दाराआड काय?

फौजदार चार वाजता येणार होते, आणि दोन वाजेपर्यंत घरातल्या दोघांनी गुन्हा कबूल करूनसुद्धा टाकला होता. तालीम होती म्हणून बरं.

तालमीची कल्पना कलमबाईची. नानांची ही मुलगी एका वकीलबाईंच्या ऑफिसात कागद टाइप करायची, आणि तिथे लागल्यापासून जेवतानासुद्धा कायद्याची कलमं सांगायची, म्हणून आबांनी आपल्या नातीचं हे नाव ठेवलं होतं. ठेवलं तेव्हा त्यात निव्वळ चेष्टा होती. आज मात्र सगळं घर तिच्या तोंडाकडे बघत बसलं होतं, आणि तिला ते आवडत होतं हेही काही लपत नव्हतं.

दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. मागच्या खोलीत, किल्ल्या कापायच्या यंत्राशेजारी, चार खुर्च्या आणि एक स्टूल मांडलेलं. स्टुलावर आत्या. आत्या म्हणजे आबांची मुलगी, नानांची धाकटी बहीण आणि या घरातला सगळ्यात हुशार हात. नाना काउंटरवर बसून किल्ल्या कापायचे. पण एखादं कुलूप हट्टाला पेटलं, की लोक आत्यालाच बोलवायचे.

"नीट ऐका," कलमबाई म्हणाली. "त्यांनी काहीही विचारलं तरी आपलं उत्तर एकच. मी माझ्या वकिलांसमोरच बोलेन. वकीलबाई आज बाहेरगावी आहेत. उद्या दहाला त्या आत्याबरोबर ठाण्यात येतील. म्हणजे आजचा दिवस फक्त हे एक वाक्य."

"आणि चहा विचारायचा की नाही?" नाना म्हणाले.

"चहा विचारा बाबा, पण चहाबरोबर माहिती देऊ नका."

आबांनी चष्मा काढून पुसला. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. त्यांना चीड आली की ते चष्मा पुसायचे. "हे वाक्य चोराचं आहे," ते म्हणाले. "साठ वर्षं लोकांची कुलपं उघडतोय मी. कुणी काही विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, असं एकदा तरी झालंय का? ज्याच्या पोटात काही असतं तो गप्प बसतो."

"आबा, गप्प बसायचा हक्क चोरापेक्षा सरळ माणसालाच जास्त लागतो. चोराला काय बोलायचं नाही ते पाठ असतं. सरळ माणूस गप्पांच्या ओघात सगळं बोलून जातो आणि मग ते कागदावर भलतंच दिसतं."

"माझं बोलणं कधी भलतं दिसलेलं नाही."

आबांचं बोलणं खरोखरच कधी भलतं दिसलेलं नव्हतं. गावभर त्यांच्या नावाला जो मान होता तो कुलपं उघडण्यासाठी नव्हताच मुळी. कुलपं काय, चोरही उघडतात. मान होता तो पद्धतीला. या दुकानातला माणूस दारात गेला की आधी गिऱ्हाइकाला विचारायचा, "दाराआड काय आहे?" दार उघडल्याबरोबर समोर काय दिसेल ते गिऱ्हाइकाने सांगायचं. मग कुलूप निघायचं. सांगितलेलं आणि दिसलेलं जुळलं, तर हा बाजूला व्हायचा. नाही जुळलं, तर तसंच दार ओढून कुलूप परत लावायचं आणि घरी यायचं, समोरचा रडो नाहीतर शिव्या देवो. पद्धत आबांनी घातली होती आणि आजवर ती कुणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं.

मंगळवारी सकाळी आत्याने एका बाईला तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडून दिलं. बाई म्हणाली, किल्ली हरवलीय. शुक्रवारी तिच्या नवऱ्याने तक्रार दिली की ती इथे राहतच नाही, तिने कुलूपवालीला हाताशी धरून घरातले कागद पळवले. आता फौजदारांना आत्याशी 'जरा बोलायचं' होतं. त्यांना हवं तसं आत्या बोलली असती, तर ती साक्षीदार न राहता साथीदार झाली असती. आणि चोरीतली साथीदार एकदा ठरली, की तिच्या हातात पुन्हा कुणी आपलं कुलूप देणार नव्हतं. कलमबाईने हे सगळ्यांना दोनदा समजावलं होतं. आबा दोन्ही वेळा म्हणाले होते, "अगं, पण जुळलं म्हणूनच उघडलं असणार ना? मग भ्यायचं कशाला?"

तालमीत फौजदार झाल्या होत्या वहिनी. नानांची बायको, सव्वीस वर्षं शाळेत शिक्षिका. खिडकीची काच कुणी फोडली हे त्या चाळीस पोरांच्या रांगेवरून नुसती नजर फिरवून सांगायच्या. त्यांनी खुर्ची नानांसमोर ओढली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मंगळवारी सकाळी कुठे होतात?"

"दुकानात," नाना म्हणाले.

वहिनी नुसत्या बघत राहिल्या.

"म्हणजे... मधे दहा मिनिटं नव्हतो."

"अस्सं."

"म्हणजे मागच्या बोळात गेलो होतो. एकच ओढली. अर्धीच खरं तर."

"चार वर्षांपूर्वी सोडली होतीत ना?" हे मात्र फौजदारांनी नव्हे, बायकोने विचारलं होतं.

"बाबा!" कलमबाईने कपाळाला हात लावला. "तुम्हाला काय सांगितलं होतं? एकच वाक्य!"

"अगं, ती बघत होती ना!" नाना कळवळून म्हणाले. नाना स्वभावाने इतके सरळ, की कुणी त्यांच्याकडे नुसतं बघितलं तरी त्यांना आपण काहीतरी केलंय असं वाटायचं. आणि बहुतेक वेळा त्यांनी केलेलं असायचंही.

आबांची पाळी आली तेव्हा ते हाताची घडी घालून बसले. वहिनींनी त्यांना काही विचारलंच नाही. हातातला कागद बघत त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तक्रारीत म्हटलंय, कुलूप हातोड्याने फोडलं."

"हातोडा?" आबा उसळले. "आमच्या दुकानात हातोडा भिंतीला खिळा ठोकायला आहे! चार लिव्हरचं कुलूप होतं ते. दोन तारा, एक वर, एक खाली, तिसऱ्या लिव्हरला जरा लाडीगोडी लावायची. ओरखडा दाखवावा मला कुणी त्याच्यावर, ओरखडा!"

"लिहून घ्या," वहिनी हवेतल्या हवालदाराला म्हणाल्या. "कुलूप कसं उघडलं ते आरोपीच्या वडिलांनी स्वतःहून सांगितलं."

आबांनी पुन्हा चष्मा काढला. कलमबाईला हसू आवरेना. या घराचं वर्म तिला आजच कळलं होतं. यांना मारून, धमकावून काही वदवता आलं नसतं. पण यांच्या कामाला कुणी नुसतं भोंगळ म्हणायचा अवकाश, की सगळे जबानी द्यायला रांग लावणार.

"आता वन्सं," वहिनी म्हणाल्या.

आत्या स्टुलावर ताठ बसली होती. वहिनींनी गोड बोलून पाहिलं, दटावून पाहिलं, हातोडा काढून पाहिला, शेवटी "चाळीस मिनिटं लागली म्हणे तुम्हाला" असंही म्हणून पाहिलं. दर वेळी आत्या खाली मान घालून म्हणाली, "मी माझ्या वकिलांसमोरच बोलेन."

"शाब्बास!" कलमबाईने टाळ्या वाजवल्या. "असं पाहिजे!"

वहिनींनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या दोघींचं फारसं पटायचं नाही. बारा वर्षांपूर्वी वहिनींच्या कपाटाची किल्ली हरवली होती तेव्हा आत्याने ते दीड मिनिटात उघडून दिलं आणि आत पोरांकडून जप्त केलेली सत्तावीस खोडरबरं सापडली हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. तेव्हापासून वहिनी तिच्याशी फक्त कामापुरतं बोलायच्या. पण न पटणाऱ्या माणसाकडे आपलं लक्ष जास्त असतं. बावीस वर्षांत आत्या आपल्या कामाबद्दल एकही टोमणा ऐकून गप्प बसलेली वहिनींनी पाहिली नव्हती, आणि आज ती हातोडासुद्धा गिळून बसली होती.

आत्या पाणी प्यायला आत गेली तशा वहिनीही गेल्या.

"वन्सं," त्या हळूच म्हणाल्या, "जुळलं होतं ना?"

आत्याने पेला ओट्यावर ठेवला. गेले पाच दिवस हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. त्या बाईने सांगितलं होतं, "दार उघडलं की उजव्या हाताला शिवणयंत्र, माझं. त्यावर अर्धा शिवलेला पिवळा पडदा." आत्याने कुलूप काढलं. उजव्या हाताला चपलांचं नवंकोरं कपाट होतं. शिवणयंत्र नव्हतं, पडदा नव्हता. फक्त कपाटाच्या पुढे फरशीवर चार ठिपके होते, यंत्राच्या पायांनी वर्षानुवर्षं उभं राहून घासलेले. ती बाई त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. रडली नाही, काही म्हणालीही नाही. पद्धतीप्रमाणे आत्याने तिथल्या तिथे दार ओढून घ्यायला हवं होतं. आत्याने दार ओढलं नाही. ती बाजूला झाली. बाई आत गेली आणि आपली शाळेची प्रमाणपत्रं आणि एक कात्री घेऊन बाहेर आली.

चुकलं असं आत्याला अजूनही वाटत नव्हतं. तिला भीती होती ती आबांची. फौजदारांनी बेड्या घातल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं; पण आबा जर एवढंच म्हणाले असते, "तू पद्धत मोडलीस?" तर तिला दुसऱ्या दिवशी दुकानात पाऊल टाकता आलं नसतं.

"वहिनी," ती म्हणाली, "असं आहे, की..."

"थांबा." वहिनींनी तिच्या दंडावर हात ठेवला. सव्वीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेल्या बाईला पुढचं ऐकायची गरज नव्हती. "तुम्ही मला सांगितलंत तर उद्या तो फौजदार मलाही विचारेल, आणि मला धड खोटं बोलता येत नाही. मी काही विचारलं नाही, तुम्ही काही सांगितलं नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि त्याने विचारलं तर माझ्याकडे बघा. पोरांनी उत्तर फोडायचं नसलं की मी कशी बघते, ठाऊक आहे ना?"

आत्याला एकदम हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघी एका बाजूला उभ्या होत्या, आणि नेमकं ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं.

चारला पाच कमी असताना शटरवर टकटक झाली. कलमबाईने शटर वर ढकललं. बाहेर एक पन्नाशीचे, पोट जरा सुटलेले, दमल्यासारखे दिसणारे गृहस्थ उभे होते. इतके साधे, की नाना खुर्ची द्यायला धावलेच.

"नमस्कार साहेब," कलमबाई म्हणाली. आवाज कापला, पण वाक्य पुरं झालं. "आपलं ओळखपत्र बघू का?"

फौजदारांनी भुवई उंचावली, पण कार्ड दाखवलं. तिने ते नीट वाचलं. नाव, हुद्दा, नंबर लिहून घेतला.

"आत बसून बोलू या का?" ते म्हणाले.

"इथेच बसू या. घरात यायचं असेल तर कोर्टाचा कागद लागेल. आणलाय का?"

"अगं बाई, मी नुसता बोलायला आलोय."

"मग इथेच बरं, साहेब. हवा छान येते." हवा अजिबात येत नव्हती.

फौजदार हसले आणि काउंटरसमोर बसले. माणूस वाईट नव्हता, आणि तीच खरी अडचण होती. रागीट माणसासमोर गप्प बसणं सोपं असतं. यांनी चहा घेतला, यंत्राची चौकशी केली, नानांना म्हणाले, "माझ्या वडिलांची लोखंडी पेटी तुमच्या आबांनीच उघडली होती, मी शाळेत होतो तेव्हा." नाना इतके विरघळले, की पेटीचा नंबरही सांगून टाकतील असं वाटलं. वहिनींनी काउंटरखाली त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"तर आत्याबाई," फौजदार म्हणाले, "मंगळवारचं सांगा."

"मी माझ्या वकिलांसमोरच बोलेन. उद्या दहा वाजता ठाण्यात येते."

"तो तुमचा हक्कच आहे. पण त्याला उशीर होतो, कागद वाढतात. मी जबाब टाइप करूनच आणलाय. सही केलीत की पाच मिनिटांत सगळं मिटलं." त्यांनी कागद पुढे सरकवला.

कलमबाईने तो उचलून मोठ्याने वाचला. तिसऱ्या ओळीत ती अडखळली. "सदर महिलेच्या सांगण्यावरून मी पक्कड वापरून कुलूप तोडले..."

नानांच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. वहिनींनी पाय जोरात दाबला. आबांचे कान लाल झाले. पक्कड! तालमीत हातोडा होता, ही तर पक्कड होती. आत्याचे ओठ हलले. चार लिव्हरचं कुलूप चार मिनिटांत एकही ओरखडा न येता सुटलं होतं आणि हा माणूस पक्कड म्हणत होता. तिने वहिनींकडे बघितलं. वहिनी परीक्षेच्या वर्गात बघतात तसं बघत होत्या.

"सही करणार नाही," आत्या म्हणाली. एवढं म्हणायला तिला जेवढा जोर लागला तेवढा कुठल्याही कुलपाला लागला नसेल.

फौजदारांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग खुर्ची थोडी वळवून ते आबांकडे वळले.

"आबा, तुम्ही तरी मोकळेपणाने बोला. तुमची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. दाराआड काय ते विचारायचं, जुळलं तरच बाजूला व्हायचं. आत्याबाईंनी विचारलं असणारच. मग जुळलं होतं, एवढंच म्हणा. तुमचा शब्द मला दहा कागदांपेक्षा मोठा. तो नवरा आजच्या आज गप्प होईल आणि ही फाइल मी बंद करीन."

हे कलमबाईने शिकवलंच नव्हतं. तालमीत सगळे टोमणे होते. मान कुणी दिला नव्हता.

आबा खुर्चीत सरळ झाले. साठ वर्षांचा मान असा समोर येऊन बसला होता आणि फक्त 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडता उघडता सवयीने त्यांनी मुलीकडे पाहिलं. काम झालं की ती नेहमी अशी बघायची, हनुवटी वर करून, शाबासकी वसूल करायला. आज ती फरशीकडे बघत होती.

आबांना कळलं.

काय घडलं, कसं घडलं, कुणासाठी, ते काही त्यांना कळलं नाही. जुळलं नव्हतं आणि तरी ती बाजूला झाली होती, एवढंच कळलं. त्यांना राग आला. मग लाज वाटली, आपण पाच दिवस तिला साधं विचारलंही नाही याची. आणि मग ते घाबरले. आयुष्यात त्यांच्यापुढे खरं आणि खोटं यांशिवाय तिसरी वाट कधी आलीच नव्हती. 'हो' म्हटलं असतं तर ती त्यांच्या तोंडून निघालेली पहिली खोटी जबानी झाली असती. 'नाही' म्हटलं असतं, तर पोरगी गेलीच होती.

"आबा?" फौजदार म्हणाले.

आबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तसाच हातात धरला.

"साहेब," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "मी... वकिलांसमोरच बोलेन."

नानांनी चमकून वर पाहिलं. फौजदार खुर्चीत पुढे झुकले.

"म्हणजे जुळलं नव्हतं, असं समजू?"

"गप्प राहण्याचा असा अर्थ काढायचा नसतो, साहेब," कलमबाई म्हणाली. या वेळी तिचा आवाज कापला नाही.

"मला शिकवू नका ताई. तीस वर्षं नोकरी झाली माझी." पण ते उठले. चहाचा कप नीट बशीत ठेवला, आबांना नमस्कार केला. "उद्या दहाला. वकिलांना घेऊन या. वेळेवर या, म्हणजे झालं."

ते रस्त्याच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत कुणी हललं नाही. मग नाना म्हणाले, "आता पाय काढतेस का? बोटं गेली माझी," आणि कलमबाई खुर्चीत बसून वेड्यासारखी हसत सुटली. वहिनी नानांना आणि तिला दंडाला धरून आत घेऊन गेल्या. जाताना त्यांनी मधलं दार ओढून घेतलं.

दुकानात दोघंच उरली.

"आबा," आत्या म्हणाली. "मला सांगायचंय."

"आधी वकीलबाईंना सांग. उद्या."

"तुम्हाला ऐकायचं नाही?"

"ऐकायचंय. न ऐकता आज मला झोप यायची नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "रागही आलाय मला, तो काही लपवत नाही. पण आत्ता ऐकलं आणि उद्या कुणी विचारलं, तर मी खरंच सांगणार, हे तुला ठाऊक आहे. तू आधी सुट. मग मला सांग, आणि मग मी तुला काय बोलायचं ते बोलेन."

"आणि दुकान? उद्यापासून मी दुकानात..."

"उद्या दहाला ठाणं आहे. दुकान नऊला उघडतं," आबा म्हणाले. "एक तास बसून जा."

आत्याने तोंडावर पदर दाबला आणि ती रडली. आबांनी तिला थांबवलं नाही.